प्लँटमध्ये मान डोलावू नये

माझा विषय काय हे कळलं की लोक आधी हात लपवतात. लग्नकार्यात कोणीतरी ओळख करून देतं, "या ठाण्याला मानसशास्त्र शिकवायच्या, देहबोलीवर डॉक्टरेट आहे," आणि समोरचे गृहस्थ, जे इतका वेळ मोकळेपणी हातवारे करत केटररला नावं ठेवत असतात, ते एकदम हात मागे बांधून उभे राहतात. थोड्या वेळाने धीर करून विचारतात, "मग सांगा बघू, माझ्या मनात आत्ता काय चाललंय?" या प्रश्नाला मी इतकी वर्षं एकच उत्तर देत आले आहे: "जेवायला कधी बसवणार, हे." ते बहुतेक वेळा बरोबर निघतं आणि त्याचा माझ्या डॉक्टरेटशी काहीही संबंध नसतो.

आमचं काम खरं म्हणजे कंटाळवाणं आहे. माणसं एकमेकांशी बोलतात तेव्हा शब्द सोडून त्यांचं बाकीचं शरीर काय करत असतं, ते बघायचं. बँकेच्या काउंटरपाशी, दवाखान्यातल्या बाकावर, सोसायटीच्या सभेत. परवानगी घेऊन चित्रण करायचं, आवाज बंद करून तेच तेच पुन्हा बघत बसायचं आणि शेवटी फार जपून एखादं वाक्य लिहायचं, की अशा परिस्थितीत लोक मान अशी करतात, बहुधा. तो 'बहुधा' आमच्या शास्त्राचा कणा आहे. मोबाइलवरच्या व्हिडिओंमध्ये तो नसतो. तिथे हाताची घडी घालणारा माणूस मनाची दारं बंद करून बसलेला असतो. मी पाहिलेल्यांपैकी बऱ्याच जणांना एसीची थंडी वाजत होती.

कॉलेजातून निवृत्त झाल्यावर बाहेरची कामं यायला लागली. ठाण्यातल्या एका साडीच्या दुकानदाराला गिऱ्हाईक साडी घेणार की नाही, हे आधी कळायला हवं होतं. मी गादीच्या कोपऱ्यात बसून बघत राहिले. बायका साडी हातात घेतात, पदर खांद्यावर टाकतात, पण निर्णयाच्या क्षणी आरशात बघत नाहीत. सोबत आलेल्या बहिणीच्या किंवा जावेच्या भुवयांकडे बघतात. मी तसं सांगितलं. दुकानदार हुशार. अडथळा तोच आहे असं समजून त्याने सोबतच्या बायकांना मागच्या खोलीत सोफ्यावर बसवून चहा द्यायला सुरुवात केली. विक्री बसली. भुवया समोर नसतील तर साडी घेणार तरी कशाच्या जोरावर? पुढे तो लोकांना सांगायचा, की या बाईंच्या सल्ल्याने माझा सीझन गेला.

पण त्यापेक्षा मला सांगायचं आहे ते डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्याचं. रंगांना लागणारी रसायनं बनवणारा मध्यम आकाराचा कारखाना. मालकांचं नाव नाडकर्णी असं धरू. त्यांचा फोन आला तेव्हा मी घरी कोथिंबीर निवडत होते.

"मॅडम, दोन माणसं आहेत. एक खोटं बोलतोय. तुम्ही अर्धा तास त्यांच्यासमोर बसायचं आणि कोण ते सांगायचं."

"असं अर्ध्या तासात कळत नाही हो," मी म्हटलं. "अर्ध्या वर्षातही कळेलच असं नाही."

"मॅडम, तुमचा विनय आहे तो."

झालं होतं ते असं. एका मोठ्या बंद भांड्यात माल वाफेवर तापत होता. ठरावीक तापमान आलं की वाफेचा व्हॉल्व्ह बंद करायचा असतो. सुपरवायझर म्हात्रे याचं म्हणणं, मी ऑपरेटर शेलारला स्पष्ट सांगितलं, व्हॉल्व्ह बंद कर, आणि त्याने मान डोलावली. शेलारचं म्हणणं, मला कोणी सांगितलंच नाही. व्हॉल्व्ह उघडाच राहिला, माल तापत गेला आणि उकळून झाकणातून बाहेर उसळला. दुसऱ्याच एका ऑपरेटरचं लक्ष गेलं म्हणून पुढचं टळलं. पुढचं म्हणजे काय, ते डोंबिवलीच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. मीही डोंबिवलीचीच, आमच्या खिडक्यांच्या काचांनीही स्फोटाचा तो अनुभव घेतलेला आहे.

केबिनमध्ये नाडकर्णींनी मला बसवलं आणि शेलार आत यायच्या आधीच निकाल सांगून टाकला. "मी स्वतः थोडा अभ्यास केलाय, मॅडम. हा माणूस डोळ्याला डोळा देत नाही. उत्तर द्यायला वेळ लावतो. सारखा घाम पुसतो. केस क्लिअर आहे, पण युनियनला दाखवायला तुमच्यासारख्या एक्सपर्टचं मत हवं."

शेलार आत आला. चाळिशी उलटलेला, मूळ साताऱ्याकडचा, राहायला शहाडला. खुर्चीच्या कडेवर बसला. नाडकर्णी म्हणत होते ते खरं होतं. तो डोळ्यांत बघत नव्हता. पण खालीही बघत नव्हता. त्याची नजर डोळ्यांच्या थोडी खाली, तोंडावर खिळलेली होती. जो बोलेल त्याच्या तोंडावर. आणि दुसरा कोणी बोलायला लागला की ती तिकडे जायची, पण किंचित उशिरा.

नाडकर्णी खिडकीकडे वळून म्हणाले, "त्या दिवशी तुझं लक्ष कुठे होतं?" शेलार गप्प. नाडकर्णींनी माझ्याकडे बघून डोळे बारीक केले: बघा, म्हटलं नव्हतं! मग त्यांनी तोंडासमोर पेन धरून तोच प्रश्न विचारला. शेलार पुढे झुकला, पेनाच्या मागे काय आहे ते बघायला हवं असल्यासारखा.

मला शंका आली. मी चहाचा कप उचलून ओठांपाशी धरला आणि त्याच्या आडून म्हटलं, "शेलार, चहा घेणार का?"

"बारा वर्षं झाली, मॅडम," शेलार म्हणाला. "इथंच आहे पहिल्यापासनं."

"बघितलंत?" नाडकर्णी खूश. "चहाला विचारलं तर नोकरी सांगतोय. पार गडबडलाय."

त्यानंतर म्हात्रे आला. कोपरच्या जुन्या स्थानिक घरातला. वडिलांची भातशेती होती, तिच्यावर आता बिल्डिंगी उभ्या आहेत. नोकरीची गरज नसलेला, पण घरी बसवत नाही म्हणून नोकरी करणारा माणूस. आवाज असा, की केबिनच्या काचा थरथराव्यात. "मॅडम, देवाशपथ बोललेलो मी त्याला! समोर उभा राहून बोललेलो. त्याने मान हलवली. मी खोटं बोलत नाय. माझ्या पोराची शपथ."

तोही खोटं बोलत नव्हता. निदान मला तसं दिसत नव्हतं. बहुधा.

"मला थोडा विचार करू द्या," असं नाडकर्णींना सांगून मी निघाले. शिफ्ट संपवून शेलार गेटकडे चालला होता, त्याला गाठलं. मागून हाक मारून उपयोग नव्हता. पुढे जाऊन समोर उभी राहिले आणि सरळ विचारलं, "तुम्हाला ऐकू यायचं कधीपासून बंद झालं?"

त्याने आधी इकडेतिकडे कोणी आहे का ते बघितलं. मग म्हणाला, "मॅडम, हळू बोला."

आयुष्यात अनेकांनी मला हळू बोलायला सांगितलं आहे. बहिऱ्या माणसाकडून ते पहिल्यांदाच ऐकत होते.

आम्ही गेटबाहेरच्या चहाच्या टपरीपाशी उभे राहिलो. कॉम्प्रेसरजवळ वर्षानुवर्षं काम करून कान गेले होते, हळूहळू. एका कानाने जवळजवळ काही नाही, दुसऱ्याने नावापुरतं. घरी बायकोला माहीत होतं, दुसऱ्या कोणालाही नाही. समोरच्याचे ओठ आणि चेहरा बघून तो निभावून नेत होता. जिथे काही समजायचं नाही, तिथे मान डोलवायची. बहुतेक वेळा चालून जायचं.

"मी साहेबांना सांगते," मी म्हटलं. "तुमची चूक नाही, हे त्यांना कळेल."

"नको, मॅडम." तो एकदम घाबरला. "हलगर्जी म्हणून काढलं तर दुसरीकडं काम मिळंल. साहेबांनी रागाच्या भरात काढला म्हणून सांगीन. बहिरा म्हणून काढलं तर प्लँटवर कोण उभं करणार? पोरगी बारावीला आहे माझी."

त्याचा हिशोब पक्का होता. मला त्यात चूक काढता येईना. एक सोडून.

"आणि दुसऱ्या कारखान्यातही कोणी व्हॉल्व्ह बंद करायला सांगितला, आणि तुम्ही मान डोलावली, तर?"

त्याने मान डोलावली. माणसांच्या माना बघण्यात माझं आयुष्य गेलं, पण त्याला ऐकू आलं म्हणून त्याने ती डोलावली की आलं नाही म्हणून, हे मला सांगता येईना. आणि मुद्दा नेमका तोच होता.

घरी येऊन मी अस्वस्थ होते. सांगावं तर त्याने विश्वासाने सांगितलेलं फोडायचं. न सांगावं तर त्याच्यासकट आणखी कोणाकोणाचा जीव टांगणीला. शेवटी मला एक युक्ती सुचली, आणि विद्वान माणसांना युक्ती सुचली की होतो तसा मला फार आनंद झाला. त्या चालू प्लँटमध्ये कोणालाच काही ऐकू येत नसणार. ते सिद्ध केलं की एकट्या शेलारचा प्रश्नच उरत नाही. कान पुढे कधीतरी शांतपणे तपासता येतील.

दुसऱ्या दिवशी मी नाडकर्णींना म्हटलं, "मला सगळं जागेवर बघायचं आहे. मशिनं चालू ठेवून."

कॉम्प्रेसर, पंखे, भांड्यात फिरणारा दांडा, सगळं एकदम चालू असताना त्या जागी उभं राहिलं की आपल्याच डोक्यात काय चाललंय तेही ऐकू येत नाही. म्हात्रेला मी त्या दिवशी होता तिथे उभं केलं आणि त्याच्या कानाशी जाऊन सांगितलं, समोर येईल त्याला काहीही एक वाक्य बोल, रोजच्या आवाजात. आधी ऑफिसमधल्या अकाउंटंट बाई उभ्या राहिल्या. म्हात्रे काहीतरी बोलला, बाईंनी लगेच मान डोलावली. मग एक जुना ऑपरेटर, त्यानेही डोलावली. मग मी नाडकर्णींना उभं केलं. म्हात्रेने क्षणभर माझ्याकडे पाहिलं, मग मालकांकडे, आणि बोलला. नाडकर्णींनी मान तर डोलावलीच, वर अंगठाही दाखवला.

बाहेर येऊन मी एकेकाला विचारलं. अकाउंटंट बाई म्हणाल्या, "व्हॉल्व्ह बंद करायचं काहीतरी." म्हात्रेने त्यांना वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या होत्या. ऑपरेटर प्रामाणिक, म्हणाला, "काय कळलं नाय." नाडकर्णी आत्मविश्वासाने म्हणाले, "व्हॉल्व्ह बंद करा, म्हणाला. स्पष्ट."

म्हात्रे बुटांकडे बघत होता. "साहेब," तो म्हणाला, "मी बोललो, उद्यापासून मी येत नाय, माझा हिशोब करून ठेवा."

"मग मी काय केलं?"

"मान हलवली. अंगठा पण दाखवला."

अकाउंटंट बाई पदराने तोंड दाबून आत गेल्या. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते. इथे हे थांबायला हवं होतं. पण नाडकर्णी चिडले होते, आणि चिडलेल्या माणसाला न्याय पूर्ण करायची हौस येते.

"आता शेलार," ते म्हणाले.

"गरज नाही हो—"

"नाही, मॅडम. प्रयोग तर प्रयोग. सगळ्यांना सारखा."

शेलार त्या गोंगाटात म्हात्रेसमोर उभा राहिला. म्हात्रे बोलला. शेलारने मान डोलावली. बाहेर आल्यावर मी विचारायच्या आधीच नाडकर्णींनी विचारलं, "काय म्हणाला?"

शेलार म्हणाला, "म्हात्रे म्हणाले, शेलार, तुझ्यामुळे मला मॅडमसमोर नाचावं लागतंय."

म्हात्रे चाट पडला. "बरोबर! शब्दाला शब्द!"

मग माझ्या लक्षात आलं, माझ्या युक्तीने काय केलं ते. त्या जागी कान असलेल्यांपैकी एकालाही काही कळलं नव्हतं. कळलं होतं ते फक्त शेलारला, कारण तो कानावर विसंबूनच नव्हता. आणि एवढ्या हुशारीने मी हे सिद्ध केलं होतं, की त्या दिवशी म्हात्रेचं बोलणं त्याला कळलेलंच असणार.

"म्हणजे याला सगळं समजतं!" नाडकर्णी म्हणाले. "मॅडम, तुम्ही ग्रेट आहात. शेलार, आता बोल. त्या दिवशी का नाही केला व्हॉल्व्ह बंद?"

माझ्या तोंडाशी उत्तर आलं होतं. ते माझं नव्हतं म्हणून मी गप्प बसले. असं गप्प बसणं मला फार जड गेलं. शेलार माझ्याकडे बघत होता, या खेपेला डोळ्यांकडे. मग तो मालकांकडे वळला.

"साहेब, आज म्हात्रेंनी तोंड उघडं ठेवलंय. त्या दिवशी वास येत होता म्हणून त्यांनी मास्क लावलेला."

"मग?"

"मास्क लावला की मला ऐकू येत नाही."

नाडकर्णी हसले. मास्क त्याच्या तोंडाला, मग तुझ्या कानाला काय झालं, असं काहीतरी विचारायला गेले, आणि वाक्य अर्ध्यावरच राहिलं. म्हात्रेला आधी समजलं. त्याने पुढे होऊन शेलारच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याचा तो आवाज एवढा खाली आला, की मलाही कसाबसा ऐकू आला. "अरे, मग सांगायचं ना रे."

शेलारला तो ऐकू आला नसणार. पण म्हात्रे समोर उभा होता.

नंतर चहा घेताना शेलार बरंच बोलला, इतक्या वर्षांचं साठलेलं. करोनाच्या काळात सगळं जग मास्क लावून फिरत होतं तेव्हा त्याने नुसती मान डोलवून नोकरी केली होती. एकदा त्याच भरात त्याने कोणाच्या तरी निरोप समारंभाला भाषण करायचं कबूल केलं होतं.

नाडकर्णी माणूस वाईट नव्हते. घाईचे होते. त्यांनी शेलारला काढलं नाही. सगळ्या कामगारांचे कान तपासून घेतले. बरेच जण कमी-जास्त अधू निघाले, त्यांत म्हात्रेही होता. तो ओरडून का बोलतो, याची मी मनात मानसशास्त्रीय कारणं जुळवत होते. त्याला स्वतःचाच आवाज नीट ऐकू येत नव्हता, इतकंच. मग मी त्यांना हातांच्या खुणा ठरवून दिल्या: बंद, चालू, थांब, पळा. सांगणाऱ्याने खूण करायची, ऐकणाऱ्याने तीच करून दाखवायची, तोवर सांगितलं असं धरायचं नाही. नाडकर्णींनी उत्साहाने भिंतीवर मोठा फलक लावला: 'प्लँटमध्ये मान डोलावू नये.' पाहुणे तो वाचतात आणि समजलं म्हणून मान डोलावतात.

शेलारला यंत्रं मिळाली, दोन्ही कानांना. पण प्लँटवर ठेवणं शक्य नव्हतं, त्याला स्टोअरमध्ये बसवलं. ओव्हरटाइम गेला, बरोबरीची माणसं लांब गेली. निघताना त्याने मला नमस्कार केला तो रीतसर होता, त्यात आनंद नव्हता. मला त्याचं वाईट वाटलं. अजूनही वाटतं. दुसरं काय करता आलं असतं, हे मात्र अजून सुचलेलं नाही.

नाडकर्णींची तक्रार वेगळीच होती. "ते सगळं ठीक आहे, मॅडम. पण मग खोटं कोण बोलत होतं?"

"कोणीच नाही."

"म्हणजे मूळ काम राहिलंच," ते हळहळून म्हणाले.

परवा शहाडला एका नातेवाइकांकडे गेले होते. परतताना स्टेशनबाहेर शेलार भेटला. हातात भाजीची पिशवी, कानामागे यंत्र. त्याने मला आधी ओळखलं. रिक्षा, हॉर्न, फेरीवाले यांच्या गोंगाटात तो डोळे मिटल्यासारखे करून उभा राहिला.

"कसं वाटतंय?" मी विचारलं.

"लई आवाज आहे, मॅडम, जगात." मग म्हणाला, "म्हात्रे स्टोअरमध्ये येतो ना, आता कळतं काय बोलतो ते. तोंड फिरवून शिव्या देतो. मला नाही, सगळ्या दुनियेला. मला वाटायचं, काय हसरा माणूस आहे. तो आला की मी मशीन काढून ठेवतो. चेहरा बघतो नुसता. चेहरा चांगला आहे त्याचा."

चेहरा आणि शब्द वेगळं बोलत असतील तर खरं कोणतं, यावर मी तीसेक वर्षं शिकवलं आहे. त्याला सांगण्यासारखं त्यातलं काही आठवेना.

"आणि घरी?"

"घरी लावूनच असतो." तो पिशवी या हातातून त्या हातात घेत म्हणाला. "पण भांडणं व्हायला लागली, मॅडम. पयलं बायको, वनिता, काय बी बोलली की मी मान डोलवायचो. विषय खल्लास. आता मी उत्तर देतो. मग ती देते. काल मेथीवरनं तासभर चाललं."

"अरेरे," मी म्हटलं. "त्रासच झाला म्हणायचा."

"नाय ओ," शेलार म्हणाला, आणि कान झाकणारे केस मागे सारून मनापासून हसला. "इतक्या वर्षांनी कोणीतरी भांडतंय माझ्याशी."